पक्ष्यांचं बिल कोणी भरायचं?

डिसेंबर आला की तुमच्या ग्रुपवर हमखास एक मेसेज पडतो : ‘नांदूरमध्यमेश्वरला जायचं का?’ पहाटे निघायचं, टॉवरवर चढायचं, चक्रवाक आणि वारकरी बघायचे, नशीब असेल तर क्रौंचांचा थवा. फोटो अपलोड. झाली ट्रिप!

मीही तेच केलं. परतताना चापडगावजवळ एका काकांनी विचारलं, ‘पक्षी बघून झाले? आता आमचा ऊसही बघा की.’ त्यांच्या उसात बिबट्याचा वावर. रात्री लाइट येते तेव्हा मोटर सुरू करायला कोण जाणार, हा त्यांच्या घरातला रोजचा प्रश्न. आपल्या फोटोत हे येत नाही ना?

मुळात हे जंगल नाहीच. गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात, तिथं ब्रिटिशांच्या काळात शेतीसाठी बंधारा बांधला. पाण्याबरोबर गाळ आला, गाळाची बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि मागोमाग पक्षी आले. जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून याच जागेचं नाव जाहीर झालं. म्हणजे शेतीसाठी केलेल्या कामाचं हे बाय-प्रॉडक्ट!

खरी गोची गाळाचीच आहे. पक्ष्यांना उथळ पाणी हवं, ते गाळामुळे मिळतं. पण तोच गाळ बंधाऱ्यातली पाण्याची जागा खातो. इथून निघणाऱ्या कालव्यांवर कोपरगाव-राहात्याकडची शेती उभी आहे. पावसाळ्यात पूर आला की काठावरच्या गावांना धडकी भरते ती वेगळीच. गाळ काढा म्हणावं तर बेटं जातात, राहू द्या म्हणावं तर पाणी कमी. बरं, पाणी उतरल्यावर याच सुपीक गाळावर गाळपेर करून काही घरं पीक काढतात. आता सांगा, तुम्ही कोणाच्या बाजूनं?

फायदा नाही असं अजिबात नाही. आसपासच्या विहिरींना पाणी टिकतं. मासेमारीवर घरं चालतात. गावातली काही पोरं गाइड झालीत, आणि पक्षी त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतात.

पण फायदा एकाच्या खिशात आणि तोटा दुसऱ्याच्या शेतात, असं झालं की हिशेब जुळत नाही. बिबट्यानं जनावर मारलं तर सरकारी भरपाई आहे. भीतीपायी रात्रीचं पाणी द्यायचं राहिलं, त्याची नोंद कुठल्या पंचनाम्यात होणार? उलट बाजूही आहे : शेतातली खतं आणि वरच्या शहरांचं सांडपाणी उतरतं ते याच पाण्यात. जलपर्णी फोफावते ती त्यावरच. तिथं मात्र बिल पक्षी भरतात.

माझं मत विचाराल तर, अभयारण्याच्या तिकिटातला ठरावीक वाटा काठावरच्या शेतांसाठी बाजूला काढावा आणि या पट्ट्यात दिवसा वीज द्यावी. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘आधी वीज द्या. बाकीचं मग बघू.’