दारातली कोंबडी : कोणती शिजवायची, कोणती पुरायची

माथेरान रस्त्याने सुकापूरच्या वस्तीत शिरलं की अजूनही पत्र्याच्या घरांच्या मागे दोन-चार कोंबड्या उकरताना दिसतात. बाजूला सात मजली इमारती उभ्या राहिल्या तरी कोंबडी गेलेली नाही, आणि ती जाऊ नये असंच आम्हाला वाटतं. पण बैठकीत बायका विचारतात तो प्रश्न अंड्याचा नसतो. प्रश्न असतो, “ताई, कोंबडी मान टाकायला लागली, मरायच्या आत कापली तर चालेल ना?” याचं उत्तर “नाही” असं आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख. त्यासाठी पिल्लापासून सुरुवात करावी लागेल.

आधी त्या रंगीत पिल्लांविषयी. हिरवी, गुलाबी, निळी पिल्लं टोपलीत घालून विकायला येतात, पोरं रडतात आणि आपण घेतो. ही बहुतेक अंड्यांच्या जातीची नर पिल्लं असतात. अंडी देणार नाहीत आणि मांसही लवकर धरणार नाहीत, म्हणून अंडी उबवणी केंद्राला ती नको असतात. त्यांना ना लस मिळालेली असते ना ऊब. चार दिवसांत ती मरतात, आणि त्या चार दिवसांत पोरं त्यांना हातात घेऊन, तोंडाला लावून फिरतात. तेवढ्याच पैशात गावठी कोंबडीची उबवायची दोन-तीन अंडी येतात. घरची खुडूक कोंबडी असेल तर तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा. 21 दिवसांनी पिल्लं निघतात. सातव्या-आठव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली तर आत लाल शिरांचं जाळं दिसतं. जे अंडं अगदी स्वच्छ दिसतं ते वांझ, ते काढून टाका. कोंबडी बसवायची ती हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला. आपल्याकडच्या पावसात ओली पिल्लं टिकत नाहीत.

आई असेल तर ऊब तीच देते. विकतची एक दिवसाची पिल्लं आणली, वनराजा किंवा गिरिराजसारखी, तर ऊब आपण द्यायची. पुठ्ठ्याचं खोकं, तळाला भाताचा तूस, वर 60 वॉटचा पिवळा बल्ब. पांढऱ्या एलईडीला उष्णता नसते, तो कामाचा नाही. पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश तापमान लागतं, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायचं. थर्मामीटर नसला तरी पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. चोच उघडी टाकून कडेला पळाली असतील तर बल्ब वर घ्या. सगळीकडे पसरून शांत चरत असतील तर बरोबर. बल्बची वायर तुसाला किंवा पुठ्ठ्याला टेकू देऊ नका, पत्र्याच्या घरात आग लागायला वेळ लागत नाही. पाणी उथळ बशीत द्यायचं आणि बशीत चार खडे टाकायचे, नाहीतर पिल्लं बुडतात. खायला मक्याचा बारीक भरडा, तांदळाची कणी, नाचणी चालते. नुसत्या कणीवर मात्र पिल्लू वाढत नाही. पहिले सहा-आठ आठवडे पिल्लांचं तयार खाद्य मिसळलं तर फरक दिसतो.

लस ही आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच राहून जाते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग एका आठवड्यात अख्ख्या वस्तीच्या कोंबड्या नेतो. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचायची आर टू बी. अडचण अशी की लसीची बाटली शंभर पक्ष्यांच्या मापाची येते आणि आपल्याकडे कोंबड्या असतात पाच. एकदा पाण्यात मिसळली की ती दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून वीस घरांनी एकच दिवस ठरवायचा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवायचं आणि बाटली बर्फातून आणायची. पोलिओची लस कशी थंड डब्यातून येते ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. इथेही तेच. उन्हात पिशवीतून आणलेली लस म्हणजे पाणीच.

जागेचं थोडक्यात सांगतो. खुराडा जमिनीपासून हातभर उंच हवा, पावसाचं पाणी आत जाता कामा नये, जाळी इतकी बारीक हवी की मुंगूस आणि घूस शिरणार नाही. रात्री कोंबड्या झोपायच्या खोलीत घेऊ नका. चोरीची भीती आम्हाला कळते. पण रांगतं मूल ज्या जमिनीवर हात टेकून तोच हात तोंडात घालतं, त्या जमिनीवर कोंबडीची विष्ठा असेल तर जुलाब सुटत नाहीत, आणि सतत जुलाब होणाऱ्या मुलाला अंडी खाऊ घालूनही ते बाळसं धरत नाही. सांडलेलं खाद्य संध्याकाळी झाडून घ्या. खाद्याला उंदीर-घुशी येतात आणि पावसाळ्यात त्यांच्या मुतातून लेप्टो पसरतो. तूस ओला झाला की बदला, ओल्या तुसातच पिल्लांना रक्ती हगवण लागते. माणसांच्या गोळ्या, उरलेली अँटिबायोटिक कॅप्सूल पाण्यात मिसळून कोंबडीला देऊ नका. तेच औषध अंड्यातून आणि मांसातून पोरांच्या पोटात जातं.

एवढा खटाटोप कशासाठी? गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, सुधारित जातीची त्याच्या जवळपास दुप्पट. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम चांगली प्रथिनं आणि बी-12 मिळतं. शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय राज्य सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये घेतला आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवला. ज्यांच्या घरी दुसरं अंडं नाही त्यांच्याच ताटातलं ते गेलं. त्यासाठी भांडायचं ते भांडूच, तोवर दारातली कोंबडी आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट करू. अंड्याने रक्त वाढतं असं सगळे म्हणतात, पण अंड्यातलं लोह अंगाला फारसं लागत नाही. लोह आहे ते कलेजीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायकांना रक्तक्षय आढळला. घरात कोंबडी शिजते तेव्हा कलेजी कोणाच्या ताटात जाते, हे आम्ही सांगायला नको. ती मुलीच्या ताटात वाढा. फक्त पोट राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत कलेजी टाळा, तिच्यातलं जीवनसत्त्व अ तेव्हा जास्त होतं.

आता त्या मान टाकलेल्या कोंबडीकडे येऊ.

कोंबडी अचानक सुस्त झाली, तुरा जांभळा पडला, डोकं सुजलं, मान मुरगळली, हिरवी पातळ विष्ठा झाली, किंवा दोन दिवसांत तीन-चार कोंबड्या गेल्या, तर ती मानमोडी असेल किंवा बर्ड फ्लू असेल. डोळ्यांनी दोन्हींतला फरक पशुवैद्यालाही सांगता येत नाही, नमुना तपासावा लागतो. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला सापडला. ते लांब वाटत असेल तर जानेवारी 2025 मध्ये तो उरण तालुक्यातल्या चिरनेरला आला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आणि दारातल्या कोंबड्यांत. माणसाला हा रोग सहसा होत नाही, पण झाला तर जिवावर बेततो. 2021 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये एक अकरा वर्षांचा मुलगा त्याने दगावला. नीट शिजलेल्या मांसात विषाणू उरत नाही, हे खरं. धोका शिजवण्याच्या आधी आहे. आजारी कोंबडी पकडताना, कापताना, पिसं काढताना, आतडी साफ करताना रक्त आणि विष्ठा हाताला लागते, नाका-डोळ्यांत उडते. आणि हे काम घरात बाई करते किंवा पोर करतं.

कोंबडी फुकट जाताना जीव तुटतो, हे आम्ही नाकारत नाही. पण 19 आणि 20 मार्च 1927 रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, तेव्हा ते ऐकणारे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त उपाशी होते. त्यांनी सोडलं. मरायला टेकलेली कोंबडी घाईने कापून खाणं आणि मेलेली खाणं यात आम्हाला फरक दिसत नाही. ती स्वस्तात दुसऱ्याला विकणं तर त्याहून वाईट.

मग करायचं काय? हातात प्लास्टिकची पिशवी घालून, नाकातोंडाला फडकं बांधून मेलेला पक्षी उचला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गाढी नदीत, नाल्यात किंवा कचराकुंडीत टाकू नका. साबणाने हात धुवा, कपडे वेगळे धुवा. एकापेक्षा जास्त पक्षी गेले तर 1962 या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. “सरकार येऊन सगळ्याच मारून टाकेल” या भीतीने लोक लपवतात. पण सरकारी आदेशाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आपणहून मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे उशीर केला तर नुकसान आपलंच. आजारी पक्षी हाताळल्यावर दहाएक दिवसांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना कोंबडीचं आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

निरोगी कोंबडी कापावी का, हा आपल्या घरातला वेगळा प्रश्न आहे. पंचशीलातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं आहे, आणि 1956 च्या धम्मदीक्षेतल्या 22 प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात जीव घेण्याची हौस आणि जीव घेण्याची गरज वेगळी मानली आहे. काही घरं फक्त अंडी घेतात आणि कोंबडी म्हातारी होऊन मरू देतात, काही घरं उपोसथाला मांस शिजवत नाहीत. हा ज्याचा त्याचा विचार आहे, आम्ही त्यात बोट घालणार नाही. दोन गोष्टींत मात्र दुमत नको. आजाऱ्यावरून कोंबडं ओवाळून टाकणं, देवीला कबूल करणं बंद. तापाच्या माणसाला दवाखाना लागतो. आणि वर्षावासात भन्तेजींना भोजनदान असेल तर त्यांच्यासाठी म्हणून कोंबडी कापू नका. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली तर भिक्खूने ते मांस घ्यायचं नाही, असा बुद्धांचाच नियम आहे.

दोन-अडीच वर्षांनी अंडी कमी होतात. नुसती पिसं झडत असतील तर थांबा, महिना-दोन महिन्यांनी ती पुन्हा अंड्यावर येते. खरंच जून झालेली कोंबडी ओळखायची तर छातीच्या हाडाचं टोक दाबा. तरुण पक्ष्याचं वाकतं, जुनीचं दगडासारखं असतं. बाजारात “गावठी” म्हणून लेअर कोंबडी गळ्यात मारतात, तिथेही पायांची जाड खवलं आणि हे टोक पाहून वय कळतं.

जून मांस ब्रॉयलरसारखं वीस मिनिटांत शिजवायला गेलं तर चप्पल चावल्यासारखं लागतं. कापल्यावर एक तर तासाभरात चुलीवर चढवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी शिजवा. मधल्या वेळात मांस ताठरलेलं असतं. मोरीत नळाखाली धुऊ नका, शिंतोडे शेजारच्या भांड्यांवर उडतात. पातेल्यात पाणी घेऊन धुवा. ज्या विळीवर कोंबडी चिरली तिच्यावरच कोथिंबीर चिरायची नाही, आधी विळी साबणाने घासायची. हळद, मीठ, आलं-लसूण आणि चमचाभर कच्च्या पपईचा कीस लावून अर्धा तास ठेवा. मग भरपूर पाणी घालून कुकरच्या सात-आठ शिट्ट्या, त्यानंतर मंद आचेवर वीस मिनिटं. टोपात शिजवली तर दोन तास धरा. हाडापासून मांस सुटायला लागलं आणि हाडाजवळ गुलाबी काही उरलं नाही की झाली.

वाटण घालण्याआधी त्यातलं अळणी वाटीभर बाजूला काढा. बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला, टीबीची औषधं चालू असलेल्याला तेच द्यायचं. वर जमलेली पिवळी चरबी बाटलीत भरून ठेवा, भाजीच्या फोडणीला तेलाचं काम करते. पोटात पिवळ्या बलकांचा घोस निघाला तर तो टाकू नका, रश्श्यात सोडून पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवा. पोरं त्यावरूनच भांडतात. बाकीच्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, आणि सोबत तांदळाची भाकरी. दुपारचा रस्सा रात्री खायचा असेल तर खळखळ उकळी आणूनच वाढा. आपल्याकडच्या दमट हवेत तो रात्रभर ओट्यावर राहिला तर सकाळी खायचा नाही.