समुद्र कोणाचा हा वाद कायम, तरी राखण दोघांची! कॅनडातले हैदा आदिवासी आणि सरकार यांचा करार काय आहे?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोर भर समुद्रात हैदा ग्वाई नावाची बेटं आहेत. हैदा आदिवासी हे इथले मूळ रहिवासी. मासे, शिंपल्या, शेवाळ यांवर हजारो वर्षं त्यांचं पोट चाललंय. बेटांचा दक्षिण भाग, म्हणजे ग्वाई हानास, आज सरकार आणि हैदा मिळून सांभाळतात.

हे सहजासहजी झालेलं नाही. १९८५ मध्ये लायल बेटावरची जंगलतोड थांबवायला हैदांनी रस्ता अडवला. ७२ जणांना अटक झाली, त्यात म्हातारी माणसंही होती. पुढे तोड थांबली आणि १९९३ मध्ये करार झाला. २०१० मध्ये भोवतालचा सुमारे ३,५०० चौरस किलोमीटर समुद्रही संरक्षित झाला.

मालकीचं काय?
हैदा म्हणतात, हे आमचं. करार झाला तेव्हा सरकार म्हणत होतं, आमचं. करारात दोघांचं म्हणणं शेजारी-शेजारी लिहिलंय. वाद मिटेपर्यंत राखण थांबवायची नाही, एवढं मात्र दोघांनी मान्य केलं.

कारभार कसा चालतो?
व्यवस्थापन मंडळात हैदांचे आणि सरकारचे सदस्य सारखेच. बहुमताने कोणी कोणाला दाबायचं नाही, निर्णय एकमतानेच घ्यायचा. मासेमारी सगळीकडे बंद नाही. काही भागात व्यापारी मासेमारीला मनाई आहे, पण हैदांचा पारंपरिक हक्क राहतो. जुन्या गावांच्या जागांवर उन्हाळ्यात हैदा राखणदार मुक्कामाला असतात.

फायदा काय झाला?
फरच्या व्यापारापायी इथली समुद्री पाणमांजरं संपली. त्यामुळे त्यांचं खाद्य असलेले काटेरी सी अर्चिन वाढले आणि त्यांनी केल्प हे उंच शेवाळ फस्त केलं. केल्प गेलं की माशांचा आसराच जातो. म्हणून मर्चिसन बेटाजवळ पाणबुड्यांनी अर्चिन कमी केले, मग केल्प पुन्हा वाढू लागलं.

२०१५ मध्ये तर कराराचा खरा कस लागला. मत्स्य खात्याने हेरिंग माशांची व्यापारी मासेमारी खुली केली. साठा अजून सावरलेला नाही, असं सांगत हैदा कोर्टात गेले. कोर्टाने मासेमारीला स्थगिती दिली. ती देताना ग्वाई हानासच्या करारामुळे सरकारवर येणारी जबाबदारीही विचारात घेतली.

नुसतं 'स्थानिकांना विश्वासात घेऊ' असं तोंडी आश्वासन असतं, तर कोर्टात दाखवायला हैदांच्या हातात काय होतं? लेखी करार होता, म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आलं.