टाकी कधीच भरत नाही, मग मैला जातो कुठं?

"टाकी बांधून वीस वर्षं झाली, एकदाही उपसावी लागली नाही!" आपल्याकडं लोक हे मोठ्या कौतुकानं सांगतात. आम्हीसुद्धा सांगायचो. खरं तर काळजी वाटायला हवी ती इथंच.

सेप्टिक टँक म्हणजे तळाला काँक्रीट असलेली बंद टाकी. त्यात गाळ खाली बसतो, वरचं पाणी शोषखड्ड्यात जातं. गाळ साधारण दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. जी टाकी कधी भरतच नाही, तिचा तळ बहुधा कच्चा असतो, नाहीतर गाळ सरळ गटारात जात असतो. कोकणात तर जांभा दगड, सगळा भोकाभोकांचा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलं की खड्डा आणि विहीर वेगळी राहत नाहीत. मग कावीळ, टायफॉइड, जुलाब घरोघरी सुरू होतात.

मागच्या पावसाळ्यात मुलांनी घरच्या विहिरींचं पाणी शाळेत आणलं. तपासणीच्या बाटल्यांत भरून ठेवलं. पाण्यात विष्ठेतले जंतू असले तर बाटली एक-दोन दिवसांत काळी पडते. बऱ्याच काळ्या पडल्या. एक बाटली आमच्याच घरची होती.

उकळल्यानं जंतू मरतात, पण मैल्यातून उतरलेलं नायट्रेट जात नाही. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला जास्त नायट्रेट जिवावर बेतू शकतं.

भारतीय मानकानुसार शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा. आपण मोजतो ते फक्त स्वतःच्या विहिरीपासून. शेजाऱ्याची विहीर कुणी मोजत नाही!

वाई आणि सिन्नरमध्ये नगरपरिषदेची गाडी पाळीपाळीनं येऊन टाक्या उपसते, तीन वर्षांतून एकदा. मालकानं बोलवायची वाट बघत नाहीत. मैला प्रक्रिया केंद्रात जातो. आपल्या गावात खासगी गाडी येत असेल तर मैला कुठं ओतते, हे विचारा. नाल्यात ओतला तर तो फिरून आपल्याकडंच येणार.

आणि टाकीत माणूस कधीच उतरवू नका. आतल्या वायूनं मिनिटांत जीव जातो. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे.

नवीन घर बांधत असाल तर टाकीवर झाकण पडण्याआधी स्वतः वाकून तळ बघा. गवंडी "पाणी आपोआप जिरेल" म्हणाला, तर काम तिथंच थांबवा.