तीस मिनिटं जमली, आता पुढे?

धावू लागताना : भाग 10

नऊ आठवड्यांचा कार्यक्रम ज्यांनी पूर्ण केला, त्यांचं आधी मनापासून अभिनंदन. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद पळायचं आणि नव्वद सेकंद चालायचं, एवढ्यानेही धाप लागत होती. आज तुम्ही अर्धा तास न थांबता धावता. चाळिशी-पन्नाशीतल्या शरीराने दोन महिन्यांत एवढं करून दाखवणं ही मोठीच गोष्ट आहे.

जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने 1996 मध्ये ‘काउच टू फाइव्ह के’ हा आपला कार्यक्रम आखला तो पन्नाशीतल्या आपल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून. बसून राहणाऱ्या माणसाला धावतं करायचं, एवढंच या कार्यक्रमाचं काम. ते झालं की तो संपतो. दहाव्या आठवड्याच्या सोमवारी काय करायचं, हे त्यात लिहिलेलं नाही.

इथे दोन प्रकारची माणसं दिसतात. काहींचं धावणं हळूहळू सुटतं. आज पाऊस, उद्या ऑफिसची गडबड, परवा पाहुणे, आणि महिन्याभरात बूट माळ्यावर. दुसरी माणसं ग्रुपवर आलेली लिंक उघडून त्याच दिवशी हाफ मॅरेथॉनची नोंदणी करून टाकतात. मला दुसऱ्यांची काळजी अधिक वाटते. सुटलेलं धावणं पुन्हा सुरू करता येतं. नडगीचं हाड दुखावलं तर कित्येक आठवडे घरी बसावं लागतं.

हे का होतं, ते नीट समजून घेऊ. धावण्याने शरीर बदलतं, पण सगळं एका वेगाने बदलत नाही. धावायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढू लागतं आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या तयार होतात आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रिया वाढतात. म्हणूनच दोन महिन्यांत दम टिकू लागतो. हाडांचं तसं नाही. वाढीव भार पडला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवा भरतं. एका जागेची ही दुरुस्ती पुरी व्हायला तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळात ती जागा थोडी कमजोर असते. टाचेच्या मागचा जाड कंडरा, गुडघ्याखालचा कंडरा, यांना रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यामुळे तेही सावकाश बळकट होतात.

म्हणजे नवव्या आठवड्याच्या शेवटी तुमचं हृदय तयार असतं आणि पाय अजून तयार होत असतात. दम आहे म्हणून अंतर वाढवावंसं वाटतं, आणि त्याच उत्साहाची किंमत पोटरी, नडगी किंवा टाच मोजते.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. नियम सोपा आहे, पण त्याच्यावर विसंबून राहू नये. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथल्या संशोधकांनी पाचशेहून अधिक नवख्या धावकांवर तो तपासून पाहिला. एका गटाला दहा टक्क्यांच्या हिशेबाने 13 आठवड्यांचा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला 8 आठवड्यांचा नेहमीचा. 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण दुखापतग्रस्त झाला. टक्केवारीचा हिशेब ठेवा हवा तर, पण रोज सकाळी पलंगावरून उतरताना पाय काय सांगतात त्याकडे त्याहून जास्त लक्ष द्या.

मग करायचं काय? माझं स्पष्ट मत आहे की पुढचे चार आठवडे काहीही वाढवू नका. आठवड्यातून तीन दिवस, तीस-तीस मिनिटं, मध्ये एक दिवस विश्रांती. कंटाळवाणं वाटेल. पण कार्यक्रमात दर आठवड्याला नवं आव्हान होतं, त्यामुळे आहे तेच आरामात करण्याची संधी शरीराला मिळालीच नव्हती. ती आता द्यायची. चौथ्या आठवड्यात तीच तीस मिनिटं सोपी वाटू लागतील.

इथे अनेकांना एक गोष्ट खटकते. कार्यक्रमाच्या नावात पाच किलोमीटर आहेत आणि घड्याळात चारच दिसतात. तीस मिनिटांत पाच किलोमीटर व्हायला किलोमीटरला सहा मिनिटांचा पेस लागतो. नवखा माणूस साडेसात-आठ मिनिटांनी धावतो, म्हणजे पावणेचार ते चार किलोमीटर होतात. यात कमीपणा काहीच नाही. उरलेलं अंतर वेग वाढवून गाठू नका, वेळ वाढवून गाठा.

पाचव्या आठवड्यापासून फक्त एक दिवस लांबवायचा, बहुतेकांना रविवार सोयीचा. पस्तीस मिनिटं, मग चाळीस, मग पंचेचाळीस. त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा तीसवर यायचं आणि मग पुढे वाढवत जायचं. बाकीचे दोन दिवस तीस मिनिटांचेच. असं करत दोन महिन्यांत तासाभराचा लाँग रन होतो. मध्ये मिनिटभर चालावंसं वाटलं तर खुशाल चाला. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे यांनी तर धावणं-चालणं आलटून पालटून करायची रीतच पुढे रूढ केली.

वेग मात्र गप्पा मारता येतील इतकाच. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. सावकाश धावून काय मिळणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी आर्थर लिडियार्ड यांचं काम पाहावं. न्यूझीलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस आपल्या शेजारपाजारच्या मुलांना ऑकलंडजवळच्या डोंगरांतून 22 मैल, म्हणजे सुमारे 35 किलोमीटर, लांब धावायला न्यायचा. त्यांत 800 मीटर धावणारा पीटर स्नेलही होता. 2 सप्टेंबर 1960 रोजी रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने 800 मीटरचं आणि लिडियार्ड यांच्याच तालमीतल्या मरे हॅलबर्गने 5000 मीटरचं सुवर्ण जिंकलं, एकाच संध्याकाळी. पण मला लिडियार्ड यांचं पुढचं काम अधिक मोलाचं वाटतं. त्यांनी ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, हृदयविकारातून उठलेल्या माणसांनाही याच तत्त्वावर हळूहळू धावतं केलं.

वेगाची हौस असेल तर तीही पुरवता येते, पण दोन-तीन महिन्यांनी. स्वीडनचे प्रशिक्षक यस्टा होल्मेर यांनी 1930 च्या दशकात फार्टलेक नावाचा प्रकार आणला, तो यासाठी उत्तम. धावता धावता पुढच्या विजेच्या खांबापर्यंत जोरात जायचं, मग श्वास सावरेपर्यंत सावकाश. घड्याळ नको, शिट्टी नको. आठवड्यातून एकदाच, आणि लाँग रनच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी नाही. पुण्यात टेकडीवर जाणाऱ्यांना चढ आयताच मिळतो. चढावर जोर लावा, उतारावर मात्र आवरतं घ्या. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, म्हणून दोन दिवस जिना उतरवत नाही. यवतेश्वरचा घाट चढून तोच उतरायला लावणारी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन कुणाचीही पहिली स्पर्धा असू नये, ती याच कारणासाठी.

स्पर्धा हवी असेल तर थंडीतली 10 किलोमीटरची निवडा. तासभराचा लाँग रन दोन-तीनदा आरामात झाला असेल, तर दहा किलोमीटर नक्की पुरे होतात. हाफ मॅरेथॉनचे 21.1 किलोमीटर पुढच्या वर्षीसाठी राहू द्या.

खंड पडणारच. दिवाळी आहे, लग्नं आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत. आठवडाभर धावलं नाही तर फारसं काही बिघडत नाही. तीन-चार आठवडे गेले तर मात्र कार्यक्रमाच्या सहाव्या आठवड्यापासून पुन्हा सुरुवात करा. अंगात ताप असताना कधीही धावू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याच वेगाला नाडी जास्त पडते, कारण अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडेही पाठवावं लागतं. तेव्हा वेग कमी करा आणि पहाटे निघा.

स्नायू सगळीकडून ठणकत असतील तर ते दोन दिवसांत जातं. पण नडगीवर बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर त्याच क्षणी थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.

या आठवड्यापुरतं एकच करा. तीन वार ठरवा, वेळेसकट लिहून काढा आणि घरच्यांना सांगून ठेवा. जमल्यास सोबत धावणारं एक माणूस शोधा; अंधारात एकटीने निघायला कचरणाऱ्या बायकांना तर त्याचा फारच आधार होतो. पोटऱ्या आणि घोटे बळकट करणारे घरच्या घरी करायचे व्यायाम पुढच्या भागात पाहू.