शिधा आईच्या ताटापर्यंत पोहोचतो का?

वारज्यातील रामनगर भागात गरोदर स्त्रियांच्या घरी गेल्यावर आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो: "अंगणवाडीतून मिळालेला शिधा कोण खातं?" उत्तर बहुतेक घरांत एकच असतं, "सगळेच खातो की." शिधा आईच्या नावाने येतो, घराच्या डब्यात जातो आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरेल ते आईच्या ताटात पडतं.

हा शिधा म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ४ नुसार गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीमार्फत मोफत आहार मिळणे हा स्त्रीचा हक्क आहे. त्यातून तिला रोज ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरले आहे. हे तिच्या रोजच्या जेवणाखेरीज जास्तीचे आहे. चौघांत वाटले, तर तिच्या वाट्याला १५० उष्मांकच उरतात.

दुसरी गळती माहेरच्या वाटेवर होते. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी बीडला, लातूरला किंवा सोलापूरला आईकडे जाते. नाव वारज्याच्या अंगणवाडीत राहते आणि सर्वांत गरजेच्या महिन्यांत तिचा शिधा चुकतो. म्हणून निघण्याआधी सेविकाताईंना सांगून 'पोषण ट्रॅकर'वरील नोंद माहेरच्या अंगणवाडीकडे वर्ग करून घ्यावी. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे.

लोह व फॉलिक ॲसिडची गोळी गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची असते. ती चहासोबत घेऊ नये आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नये; दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की तो रक्तक्षय समजतात.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रिया पात्र गटात येतात. त्यामुळे जातीचा दाखला, आधार आणि बँक खाते आधीच तयार ठेवावे.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. कायद्याने दिलेले अन्न आता घराच्या उंबऱ्यापर्यंत येते. उंबऱ्यापासून ताटापर्यंतचे अंतर मात्र सासू, नवरा आणि आपण सर्वांनी मिळून कापायचे आहे. घरात गरोदर लेक-सून असेल, तर आजपासून तिचे ताट सर्वांत आधी वाढा.