सव्वापाच फुटांचा मग्सी

दोस्तांनो, उंची वाढावी म्हणून बारला लोंबकळून हात दुखले ना? मग टायरोन बोग्ज ऊर्फ ‘मग्सी’ची ही हकिगत वाचाच.

मग्सी १९६५ साली जन्मला. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या गरीब वस्तीत वाढला. पोराला बास्केटबॉलचं भारी वेड! पण उंची वाढून वाढून किती, तर सव्वापाच फूट. आणि हा खेळ तर ताडमाड लोकांचा!

मग्सीने मग बुटकेपणाचंच हत्यार केलं. उंच खेळाडू चेंडू जमिनीवर टप्पे देत निघाला, की तो नेमका मग्सीच्या हाताशी यायचा. पापणी लवते न लवते तोच चेंडू गायब!

१९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाने निवडीच्या पहिल्याच फेरीत त्याला घेतलं. त्याच संघात होता सात फूट सात इंचांचा मनूट बोल. दोघांत फरक तब्बल दोन फूट चार इंचांचा!

मग्सी २००१ पर्यंत एनबीएत टिकला. १४ हंगाम, ८८९ सामने! त्याच्या पासवर सहकाऱ्यांनी ६,७२६ वेळा बास्केट केली. एनबीएच्या इतिहासात त्याच्याहून बुटका खेळाडू झालेला नाही.

तेव्हा संघ निवडताना उंचीची पट्टी जरा बाजूला ठेवा. रांगेतल्या सर्वांत छोट्याच्या हातीही एकदा चेंडू देऊन बघा. पालकहो, तुम्हीसुद्धा बरं का!