टिनाचे शेड आणि मे महिना : आधी छत, मग पंखा

जयंतीच्या निळ्या पताका अजून गल्लीत फडफडत होत्या. दुपारचे दोन वाजले असतील. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतले एक गॅरेजवाले दादा घरापुढच्या टिनाच्या शेडमध्ये मोटारसायकलचे इंजिन खोलून बसले होते. गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी न्यायला येणार होते. आत वहिनी शिलाई मशीनवर होत्या. पाना पडल्याचा आवाज झाला म्हणून त्या बाहेर आल्या, तर दादा भिंतीला टेकून काहीतरी असंबद्ध बडबडत होते. अंग तापलेल्या तव्यासारखे. शेजाऱ्यांनी त्यांना उचलून कडुनिंबाखाली नेले, अंगावर पाणी ओतले, ओल्या दुपट्ट्याने वारा घातला आणि १०८ ला फोन केला. दादा वाचले. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "पंखा तर चालूच होता, मंग असं झालं कसं?"

आपल्या वस्त्यांत घरापुढे किंवा घराच्या बाजूला शेड टाकून धंदा करणारे कितीतरी आहेत. कोणी गाड्या दुरुस्त करतो, कोणी ग्रिल-गेटचे वेल्डिंग करतो, कोणी सुतारकाम करतो. म्हणून दादांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही सविस्तर देत आहोत.

पंखा हवा थंड करत नाही. तो फक्त अंगावरचा घाम लवकर वाळवतो आणि घाम वाळताना अंग थंड होते. आपल्या कातडीचे तापमान साधारण ३५ अंश असते. भोवतालची हवा त्याहून बरीच तापली आणि अंगातले पाणी कमी होऊन घाम आटला, की पंखा भट्टीची हवा अंगावर फेकू लागतो. त्यात वरचे टिन. दुपारी शेडमध्ये उभे राहून हात टिनाजवळ न्या. चुलीसमोर धरल्यासारखी धग लागेल. ती धग पंख्याने थांबत नाही. हवामान खाते मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट आणि ४७ वर गेला की तीव्र लाट मानते. पण हे आकडे सावलीतल्या, हवा खेळत्या पेटीत मोजलेले असतात. पेपरात ४४ छापले असेल, तर टिनाखाली त्याहून जास्त आहे असेच समजा.

म्हणून सुरुवात छतापासून करायची. टिनाच्या वरच्या बाजूला पांढरा, ऊन परतवणारा छताचा रंग दोन हात मारावा. पांढरे छत ऊन परत फेकते, त्यामुळे टिन कमी तापते आणि खालची धगही कमी होते. स्लॅब असेल तर डिंक घातलेला चुना चालतो. टिनावर मात्र नुसता चुना पहिल्या पावसात धुऊन जातो. रंगाचे काम सकाळी सातच्या आत करावे. टिनावर थेट पाय देऊ नये, फळी टाकून तिच्यावर बसावे. रंगाला पैसे नसतील तर हिरवी नेट लावा, पण टिनाला चिकटवून नव्हे. बांबूवर हातभर उंच बांधा, म्हणजे मधून वारा वाहील. पश्चिमेच्या भिंतीलाही अशीच सावली द्या, कारण चार वाजताचे ऊन तिथूनच आत शिरते.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. तुराट्या, गवत, नेट आणि थर्माकोल हे सगळे पेटणारे आहे. जिथे वेल्डिंगच्या किंवा ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, तिथे यातले काहीच वर किंवा बाजूला नको. अशा शेडला रंगच बरा. कार्बोरेटर पेट्रोलने धुण्याचे काम बाहेर सावलीत, बटणांपासून आणि ठिणग्यांपासून लांब करा. पेट्रोलची बाटली तापत्या शेडमध्ये साठवू नका.

दुसरे काम गरम हवेला वाट देण्याचे. गरम हवा वर चढते आणि टिनाखाली कोंडते. भिंत आणि छत यांच्यामध्ये वीतभर फट ठेवा किंवा वरच्या अंगाला एक्झॉस्ट पंखा बसवा. समोरच्या बाजूला खाली दार-खिडकी उघडी असू द्या. वरची वाट बंद असेल, तर तीच गरम हवा आतल्या घरात शिरते, जिथे आजी दुपारी आडवी झालेली असते आणि लेकरू पाळण्यात असते.

कुलरचेही तसेच. कुलर दारात किंवा खिडकीत बाहेरची कोरडी हवा घेईल असा ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीतला कुलर नुसती ओल वाढवतो. मग घाम वाळत नाही आणि जीव घाबरा होतो. कुलरचा शॉक दर उन्हाळ्यात जीव घेतो. तीन पिनांचा प्लग आणि चांगले अर्थिंग असल्याशिवाय कुलर लावू नका. पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढा, पायात चप्पल असू द्या. वेल्डिंग मशीनजवळ जमिनीवर पाणी शिंपडू नका. ओली जमीन, घामाने भिजलेले अंग आणि वीज यांची गाठ पडू देऊ नका. शिंपडायचेच असेल तर दाराबाहेर शिंपडा.

तिसरी गोष्ट वेळेची. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कारखान्यांत आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कायदादुरुस्ती १९४६ ची. पण घरच्या शेडमध्ये मालकही आपण आणि कामगारही आपण. तिथे आपले तास मोजायला कोणी येत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागतात. जड काम सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर करा. दुपारी हिशेब, सामान आणणे, सावलीतले हलके काम. उन्हाळ्यात नवा पोरगा कामाला ठेवला, तर पहिला आठवडा त्याला अर्धा वेळच राबवा. अंगाला गरमीची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात.

तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. घाम फार गेला तर ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात घाला. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मठ्ठा, पन्हे चांगलेच.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, चक्कर ही पहिली सूचना. लगेच काम सोडून सावलीत बसा. माणूस भलतेच बोलू लागला, ओळखेनासा झाला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी अंगात घाम असो वा नसो, थांबू नका. १०८ ला फोन करा, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत ओले कापड किंवा बर्फ ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी यात उपयोगाची नाही. गाडी येईपर्यंत अंग थंड करत राहणे, हाच इलाज.

दादांच्या शेडवर आता पांढरा रंग आहे. दारावर खडूने लिहिलेली पाटी आहे, "दुपारी १२ ते ४ बंद". पहिले काही दिवस गिऱ्हाइके कुरकुरली. वहिनी सांगतात, "गाडी दोन घंटे उशिरा भेटली तं काही बिघडत नाही, माणूस गेला तं कुठून आणाचा?" आता गिऱ्हाइके सकाळीच गाडी सोडून जातात.

एकट्याने टिन रंगवायला दोन सकाळी लागतात. गल्लीतले चौघे जमले तर एका रविवारी दोन शेडे होतात. विहारात वंदनेला जमाल तेव्हा विषय काढा, यादी करा आणि ज्याच्या घरी म्हातारे माणूस किंवा लहान लेकरू आहे, त्याच्या छतापासून सुरुवात करा.